पोटावरचे सहा खण

२००४ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही संशोधक, दोघेही दिसायला सडपातळ आणि उंची-वजनाचा मेळ सांगणारा बीएमआय हा आकडा दोघांचा तंतोतंत सारखा : २२.३. पण यंत्रावर अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे कोडे 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून मधुमेहतज्ज्ञांच्या जगात प्रसिद्ध झाले.

मराठी घरांत हे कोडे रोज दिसते. हात बारीक, पाय बारीक, वजनकाटा म्हणतो सगळे ठीक. पण सदऱ्याचे खालचे बटण ताणलेले. असा माणूस एक जानेवारीला, किंवा लग्न ठरले की, जिममध्ये नाव घालतो आणि पहिल्याच दिवशी ट्रेनरला सांगतो, "बाकी काही नको, फक्त पोटाचं बघा." मग क्रंचेस सुरू होतात. पन्नास, शंभर, दोनशे. "आज ॲब्स मारले का?" हा तिथला नेहमीचा प्रश्न. तीन महिन्यांनी पोट हाताला थोडे घट्ट लागते, आरशात मात्र फारसा फरक नाही. दोष क्रंचेसचा नसतो आणि त्या माणसाच्या जिद्दीचाही नसतो. कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो.

ज्याला जिमच्या भाषेत सिक्स पॅक म्हणतात तो स्नायू प्रत्येकाच्या पोटावर जन्मापासून असतो. जांघेच्या मधल्या हाडापासून निघून तो वर छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला आणि पाचव्या, सहाव्या व सातव्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळतो. मधोमध उभी पांढरी तंतुमय रेघ त्याचे डावे-उजवे दोन भाग करते आणि साधारण तीन आडव्या तंतुमय पट्ट्या त्याचे खण पाडतात. १५४३ मध्ये व्हेसेलियसने शरीररचनेचा सचित्र ग्रंथ छापला तेव्हापासून हे खण चित्रांतून लोकांसमोर आहेत. गंमत अशी की या आडव्या पट्ट्या किती आणि कुठे, हे जन्माआधीच ठरते. कुणाला दोनच असतात, कुणाला चार. पुष्कळांच्या डाव्या-उजव्या पट्ट्या एका रेषेत नसतात, त्यामुळे खण वरखाली दिसतात. शरीरसौष्ठवातले सगळ्यांत गाजलेले नाव म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. त्याच्या छायाचित्रांतही ठळक उठून दिसतात ते चारच खण. व्यायामाने प्रत्येक खण जाड होतो. नवा खण पडत नाही आणि वाकडी रेघ सरळही होत नाही. 'आठ पॅक करून देतो' असे सांगणाऱ्या ट्रेनरकडे म्हणूनच थोडे संशयाने पाहावे.

या पुढच्या स्नायूच्या दोन्ही बाजूंना तिरप्या धाग्यांचे दोन थर असतात, बाहेरचा आणि आतला. त्यांच्याही खाली कमरेभोवती आडवा वळसा घालणारा सर्वांत खोल थर असतो. या खोल थराचे काम फार कमी लोकांना ठाऊक असते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांना झटकन हात उचलायला सांगितले आणि त्याच वेळी पोटाच्या स्नायूंचे विद्युतसंदेश नोंदले. निरोगी माणसात हात हलण्याच्या आधीच हा खोल थर आवळला जात होता. जुनाट कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होत होता. म्हणजे पोटाची भिंत ही मुख्यतः पुढे वाकण्यासाठी नसून हातपाय हलत असताना कणा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी आहे. पुढे कोणता व्यायाम निवडायचा, हे यावरच अवलंबून आहे.

आता दिसण्याबद्दल. स्नायू आणि कातडी यांच्या मध्ये चरबीचा थर असतो. गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाचे गुडघे कुठे आणि कोपर कुठे हे जसे गोधडीच्या जाडीवर ठरते, तसे खण दिसणे न दिसणे या थरावर ठरते. ढोबळ मानाने पुरुषाच्या शरीरात चरबी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आली की खण स्पष्ट दिसू लागतात. स्त्रीच्या शरीरात सोळा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान. हा फरक निसर्गानेच ठेवला आहे. शरीर चालायला पुरुषाला साधारण तीन टक्के चरबी लागतेच, स्त्रीला बारा.

पण मराठी पोटाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. चरबीचा दुसरा साठा स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि त्यांच्यावर पडद्यासारख्या लोंबणाऱ्या वपेत असतो. बोटांच्या चिमटीत जी येते ती बाहेरची चरबी. चिमटीत फारसे काही येत नाही, तरी पोट पुढे आलेले आणि दाबून पाहिले तर टणक लागते, तिथे आतल्या चरबीची शंका घ्यावी. आरोग्याला हीच जास्त जाचते, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन इतके कमी, तर सगळेच कमी असायला हवे होते. पण भारतीय बाळांत स्नायू कमी होता, पोटातले अवयव लहान होते आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. वयाच्या चाळिशीत दिसणाऱ्या ढेरीची पूर्वतयारी आईच्या पोटात झालेली असते, असे म्हणायला त्यातून आधार मिळाला.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक व्यायामाच्या पुस्तकांत वाचक आधीच धष्टपुष्ट आहे आणि त्याने फक्त वरची चरबी उतरवायची आहे, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडच्या बारीक-पण-पोट-सुटलेल्या माणसाने निव्वळ जेवण कमी केले तर चरबीबरोबर मुळातच तोकडा असलेला स्नायूही जातो. वजन उतरते, टक्केवारी जवळपास तीच राहते. त्याला कमी करायचे आहे आणि वाढवायचेही आहे, दोन्ही एकाच वेळी.

तरीही पोटाची चरबी पोटाच्याच व्यायामाने जाळावी, हा मोह सुटत नाही. या कल्पनेची परीक्षा शास्त्रज्ञांनी अनेकदा घेतली आहे. टेनिस खेळाडूचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त राबतो. १९७१ मध्ये अमेरिकेत अशा खेळाडूंच्या दोन्ही दंडांवरची चरबी चिमट्याने मोजली. राबणाऱ्या हातावर ती कमी नव्हती. १९८४ मधला प्रयोग तर चिकाटीचा नमुनाच होता. स्वयंसेवकांकडून सत्तावीस दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप्स काढून घेतले आणि पोट, पाठ व नितंब अशा तीन ठिकाणच्या चरबीपेशींचे नमुने सुईने काढून तपासले. पेशी लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. २०११ मध्ये आणखी एका चमूने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात प्रकारचे व्यायाम करून घेतले. पोटाच्या स्नायूंचा दमसास वाढला. घेर आणि चरबी होती तशीच राहिली.

असे का होते, याचे उत्तर रक्तात आहे. व्यायामाला लागले की अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके अंगभरच्या चरबीपेशींना साठा सोडायला सांगतात. ती मेदाम्ले रक्तात येतात आणि राबणारा स्नायू रक्तातून उचलतो. शेजारची चरबी की लांबची, हे त्याला कळत नाही. कुठला साठा आधी रिकामा होणार हे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. बहुतेक पुरुषांत चेहरा आणि हात आधी उतरतात, बेंबीखालचा भाग सर्वांत शेवटी. बहुतेक स्त्रियांत शेवटचा मान मांड्या आणि नितंबांचा.

आणि ती चरबी जाते तरी कुठे? घामात, असे उत्तर बहुतेक जण देतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सरळ रसायनशास्त्राचा हिशेब मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो वजन कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. टेलिशॉपिंगवर विकला जाणारा घाम काढणारा पट्टा बांधला की वजन उतरते ते पाण्याचे, आणि दोन ग्लास सरबत घेतले की परत येते. विजेचे झटके देऊन बसल्या जागी सिक्स पॅक देणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्येच खटले भरले होते. धंदा अजून चालू आहे, फक्त जाहिराती मोबाइलवर आल्या आहेत.

म्हणून हिशेब स्वयंपाकघरातून सुरू होतो. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. सत्तर किलोच्या माणसाने दहा मिनिटे बऱ्यापैकी जोमाने सिट-अप्स काढले तर चाळीस-पंचेचाळीस कॅलरी खर्च होतात. भाजीत ओतलेल्या एका मोठ्या चमचाभर तेलात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, त्याच्या अडीच ते तीनपट. तेल वाईट म्हणून हे सांगायचे नाही. कमी कष्टात जास्त फरक कुठे पडतो, एवढेच त्यातून कळते.

सत्तर किलोचा आणि २४ टक्के चरबीचा पुरुष घेऊ. त्याच्या अंगात जवळजवळ १७ किलो चरबी आहे. स्नायू जसाच्या तसा टिकवून त्याला १२ टक्क्यांवर यायचे असेल तर साडेनऊ किलो चरबी जायला हवी. आठवड्याला अर्धा किलो हा टिकणारा वेग, म्हणजे रोज सुमारे ५५० कॅलरींची तूट. साडेचार ते पाच महिने लागतील, आणि तेही सगळे सुरळीत चालले तर. मधे गणपती, दिवाळी आणि दोन-चार लग्ने आहेत, हे या गणितात धरलेले नाही. शिवाय वजन उतरत जाते तसतसे शरीर खर्चही आखडते, त्यामुळे शेवटचे दोन किलो पहिल्या चारांपेक्षा जास्त छळतात.

तूट करायची कशात? इथे मराठी पानाकडे जरा तटस्थपणे पाहायला हवे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी आणि वरण-भात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटे किंवा चिवडा, रात्री पुन्हा पोळी-भाजी. चव उत्तम, पण स्नायू बांधणारा पदार्थ यात शोधावा लागतो. पातळ वरणाच्या वाटीत पंधरा-वीस ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून मिळतात जेमतेम चार ग्रॅम प्रथिने. उपासाच्या दिवशी तर परिस्थिती आणखी मजेशीर. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. त्यावर तूप आणि बटाटा. प्रथिनांची थोडीफार लाज राखते ते दाण्याचे कूट. एकादशीचे वजन द्वादशीला का वाढते, याचे उत्तर कढईत असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. पण वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला ती पुरत नाहीत. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, पुढे नाही. म्हणजे साठ किलोला पंचाण्णवच्या घरात. घरच्या जेवणात ते जमते. तीन अंडी, मटकीच्या उसळीची वाटी, दोन वाट्या घट्ट वरण, दीडशे ग्रॅम बांगडा, दोन वाट्या दही आणि रोजच्या भाकऱ्या मिळून आकडा तिथे पोचतो. मासे-अंडी न खाणाऱ्याला पन्नास ग्रॅम सोयावडी, शंभर ग्रॅम पनीर, दोन वेळा उसळ, दही आणि दूध अशी बेरीज करता येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. प्रथिनांचा आणखी एक गुण असा की त्यांच्या पचनातच त्यांच्या ऊर्जेचा वीस ते तीस टक्के भाग खर्च होतो. पिष्टाचा पाच ते दहा टक्के आणि स्निग्धाचा फार तर तीन. पोट लवकर भरते आणि भरलेले राहते, हा फायदा त्याहून मोठा.

शेंगदाण्याला अनेक जण प्रथिनांचा खजिना समजतात. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिने आहेतही, पण सोबत साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात, हे मूठ भरताना ध्यानात ठेवलेले बरे. भात मात्र उगीच बदनाम झाला आहे. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या भात खाऊन माणसे काटक राहिली, कारण दिवसभर शेतात नाही तर होडीवर अंगमेहनत होती. मेहनत सुटली, भाताचा ढीग तेवढाच राहिला.

झोपेचा भाग कुणी मनावर घेत नाही. २०१० मधल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात दहा जाड माणसांना चौदा-चौदा दिवस तितक्याच कमी कॅलरींचे जेवण दिले. एकदा साडेआठ तास झोपायची मुभा, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले, पण भरपूर झोपेच्या काळात त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेच्या काळात ०.६ किलो. उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या कामाच्या ऊतींची. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला जिम, हा बेत म्हणूनच घाट्याचा.

व्यायामाकडे वळताना महाराष्ट्राला कुणाकडून उसने घ्यायची गरज नाही. कोल्हापूरच्या तालमीतला पहिलवान आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाममंदिरातला मल्लखांबपटू शेजारी उभे केले की आहार आणि व्यायाम यांचे वाटे डोळ्यांना दिसतात. पहिलवान पहाटे उठून हजारांच्या हिशेबात जोर-बैठका काढतो, लढती करतो. त्याच्या पोटाची भिंत विलक्षण ताकदवान असते. अंगावर आलेला शंभर किलोचा प्रतिस्पर्धी ती पेलते. पण दूध, तूप, बदाम आणि मटणाच्या खुराकाने वरचा थर जाडच राहतो, आणि वरच्या वजनगटात त्याला तो हवाही असतो. मल्लखांबपटू उभ्या खांबावर पायाच्या पकडीत आडवा होतो, उलटा लटकतो, स्वतःचे अख्खे वजन पोटाच्या जोरावर उचलून धरतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले तेव्हा 'ॲब्स'चा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते. तरी हलके शरीर आणि असा व्यायाम एकत्र आले की पोटावर खण उमटतातच. कुस्तीतही खालच्या गटात हेच दिसते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले होते. त्या वजनात जास्तीची चरबी बाळगणे परवडतच नाही.

पोटाच्या स्नायूंचा अभ्यासही इथे लवकर सुरू झाला. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि उड्डियान व नौली यांवर क्ष-किरण आणि दाबमापक लावून प्रयोग केले. नौलीत साधक श्वास बाहेर टाकून पोट आत ओढतो आणि मधले दोन उभे स्नायू वेगळे काढून फिरवतो. त्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे कुवलयानंदांनी मोजून दाखवले आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्या निर्वाताला 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले. पुढे अर्ध्या शतकाने अमेरिकेचा फ्रँक झेन रंगमंचावर पोट आत खेचून उभा राहू लागला आणि ती पोझ शरीरसौष्ठवात 'व्हॅक्यूम' म्हणूनच गाजली. झेन १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षे मिस्टर ऑलिम्पिया होता.

आज जिममध्ये काय करावे, याचे उत्तर बदलत चालले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर पडणारा भार मोजला तेव्हा एका पारंपरिक सिट-अपला सुमारे ३३०० न्यूटन दाब येतो असे दिसले. कामगारांच्या पाठीसाठी अमेरिकेत सुरक्षित मानलेली मर्यादा साधारण तेवढीच आहे, आणि इथे तर माणूस तो भार दिवसाला शंभरदा घेत असतो. अमेरिकेच्या नौदलाने आणि लष्कराने अलीकडे शारीरिक चाचणीतून सिट-अप्स काढून त्या जागी प्लँक आणला आहे. धडधाकट तरुणाने सिट-अप काढला तर लगेच काही बिघडत नाही, पण दिवसभर खुर्चीत वाकून बसणाऱ्याने संध्याकाळी पुन्हा शंभरदा वाकायचे, यात शहाणपण कमी.

प्लँक, एका कुशीवरचा प्लँक, चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणे, पाठीवर झोपून तेच उलट करणे हे सुरुवातीचे व्यायाम. जमू लागले की बारला लटकून पाय वर उचलणे आणि चाकाचे रोलर. प्लँक मिनिटामागून मिनिटे वाढवत नेण्याची हौस मात्र आवरावी. २०२४ मध्ये कॅनडाच्या ५८ वर्षांच्या डोनाजीन वाइल्ड यांनी ४ तास ३० मिनिटे ११ सेकंद प्लँक धरून महिलांचा विश्वविक्रम केला. तो दमसासाचा पराक्रम आहे. खण जाड करायचे तर इतर कुठल्याही स्नायूप्रमाणे पोटालाही हळूहळू वाढता भार द्यावा लागतो आणि मधे विश्रांतीचा दिवस. आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

उरलेला वेळ मोठ्या स्नायूंना द्यावा : बैठका, डेडलिफ्ट, जोर, पुल-अप्स. मांड्या, पाठ आणि छाती यांचा स्नायू वाढला की आपल्या त्या सडपातळ-पण-ढेरीवाल्या माणसाची टक्केवारी वजन न उतरताही सुधारते. जोडीला भरभर चालणे. आतली चरबी अशा दम लावणाऱ्या व्यायामाला चांगली दाद देते, आणि काटा जागचा न हलताही ती कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत, १९३८ मध्ये त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. सूर्यनमस्कारात पोट, पाठ, खांदे सगळे येते, दमही लागतो. कमी पडतो तो वाढता भार आणि ओढण्याचा व्यायाम. तेवढे बारला लटकून भरून काढावे.

पडद्यावरच्या पोटांबद्दल थोडे. 'दंगल'साठी आमिर खानने वजन ९७ किलोच्या आसपास नेले आणि म्हाताऱ्या महावीरसिंगचे चित्रण आधी उरकून घेतले. मग पाचेक महिन्यांत ते उतरवून तरुण पहिलवानाचे पीळदार शरीर कमावले. क्रम मुद्दाम उलटा ठेवला होता. काम संपल्यावर जाड राहून गेलो तर उतरवायची ओढ उरणार नाही, हे त्याला कळत होते. दिवसभर तेवढेच काम, पदरी ट्रेनर आणि आहारतज्ज्ञ असे भाग्य कारकुनाच्या वाट्याला येत नाही. शिवाय उघड्या अंगाच्या दृश्याआधी पाणी-मीठ तोडणे, शॉटच्या आधी स्नायू फुगवून घेणे, बाजूने प्रकाश टाकणे, हे सिनेमात आणि स्पर्धांत सर्रास चालते. 'मुंबई श्री'च्या मंचावर दिसणारे पोटही त्या संध्याकाळचे असते. पुढच्या महिन्यात त्याच खेळाडूला भेटले तर रेघा पुसट झालेल्या असतात. पाणी काढण्याचा हा खेळ जिवावरही बेततो. १९९२ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच मोहम्मद बेनाझिझा हा आघाडीचा शरीरसौष्ठवपटू गेला, वय अवघे ३३.

स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. चरबी आणि जेवण दोन्ही फार खाली नेले तर मासिक पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जातुटीच्या विकाराला वेगळे नाव देऊन खेळाडूंना सावध केले. दुसरे बाळंतपणाचे. गरोदरपणात मधली पांढरी रेघ ताणून रुंद होते आणि पुष्कळ जणींची ती नंतर लगेच पूर्ववत होत नाही. पाठीवर झोपून डोके उचलल्यावर पोटाच्या मध्यावर उंचवटा आला, किंवा बेंबीजवळ दोन बोटे आत जातील एवढी फट लागली, तर क्रंचेस थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. तिथे चरबी नसते, जेवण कमी करून ते पोट आत जात नाही. श्वासाबरोबर खोल थर आवळायच्या साध्या व्यायामांनी पुष्कळ फरक पडतो. घरच्यांनी "अजून पोट गेलं नाही का?" विचारणे थांबवले तर आणखी पडेल.

हे सगळे मोजायला महागडे यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध ती गुंडाळायची, श्वास नेहमीसारखा सोडायचा, पोट आत ओढायचे नाही. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही सावध व्हायची रेषा आहे. दर दोन आठवड्यांनी, सकाळी, चहाच्या आधी आकडा लिहून ठेवावा. बारीक अंगाच्या माणसाचे वजन दोन महिने हलत नाही आणि टेप तीन-चार सेंटिमीटर खाली येते, तेव्हा आतली चरबी उतरते आहे आणि स्नायू भरतो आहे. खण दिसायला अजून अवकाश असतो, पण रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स तोवर बहुतेकदा सुधारू लागलेली असतात.